ठिकाण

वॉर्डात नाव फक्त फायलीवर.
तोंडी आम्ही सगळे ठिकाणं.
"मुंढव्याचं ड्रेसिंग झालं का?"
"वाघोलीची सलाईन संपत आलीय, मामा."
"हॅरिस ब्रिज, गोळी घ्या आणि मग झोपा."
हॅरिस ब्रिज म्हणजे मी.

बत्तीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत
दारूगोळ्याशेजारी बसून डबा खाल्ला,
नखाला ओरखडा नाही.
निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात
नातवाच्या सूर्यमालेसाठी
थर्माकोलचे नऊ गोळे घेऊन येत होतो,
पुलाच्या तोंडाशी
डाव्या मांडीचं हाड दोन जागी गेलं.
गोळे सगळे शाबूत.
शनीला तेवढं डांबर लागलं.
नातू म्हणाला, राहू दे, छान दिसतंय.

पायाच्या टोकाला आता पाच किलो लोंबतात,
दोरी, कप्पी, पलंगाच्या पायांखाली विटा.
खाज सुटते ती नेमकी
हात पोचत नाही तिथे.

नवले पूल तीन होते.
म्हणून नवले एक, नवले दोन, नवले तीन.
एक टेम्पोवरचा हमाल. चार बरगड्या मोडलेल्या,
डॉक्टरांनी हसायला बंदी घातलेली,
आणि वॉर्डातले सगळे विनोद
सुचायचे त्यालाच.
तीन हा दोनचा पुतण्या, वरती आयसीयूत.
सकाळी सिस्टर गंगावणे आल्या की दोन विचारायचा,
"तीननं डोळे उघडले का?"
पोराचं नाव घ्यायचा नाही.
घेतलं तर भलत्याच कुणाला ऐकू जाईल
असं वाटत असावं.

बुधवारी लोखंडे मामा जिना उतरून आले
आणि काही न बोलता
दोनची चादर बदलायला लागले.
कालच बदललेली होती.
नवले एकनं भिंतीकडे तोंड केलं,
बरगड्या धरून.
त्या दुपारपासून सिस्टर
नवले दोनला जालिंदर म्हणू लागल्या.
जालिंदर, दोन घास खा.
जालिंदर, इकडे बघ.

हवालदार येतो जबाब घ्यायला.
"चूक कुणाची?"
मुंढव्याच्या पोराला आठवतं ते एवढंच:
मोबाईलवर उरलेलं अंतर साडेतीनशे मीटर,
पाठीवरच्या पिशवीत दोन बिर्याण्या.
त्या लोकांनी मग काय खाल्लं, विचारतो.
वाघोलीच्या मते कुत्रं आडवं आलं.
दर खेपेला कुत्र्याचा रंग वेगळा.
मी म्हटलं, लिहा, मी होतो, पूलही होता.
"काका, दिशा सांगा.
बोपोडीकडून येत होता की दापोडीकडून?"

शहाळी पलंगाखाली साठत गेली.
भेटीची वेळ संपल्यावर
रात्री आम्ही ती एकमेकांकडे ढकलत बसायचो,
ज्याचे हात धड तो फोडणार,
ज्याचं तोंड धड तो पिणार.
जालिंदर नको म्हणायचा,
मग घ्यायचा.

बाविसाव्या दिवशी घरी सोडलं.
रिक्षात वॉकर आडवा आम्हा दोघांच्या मांड्यांवर.
स्टेशनसमोर बसगाड्या ओळीनं उभ्या.
एकीच्या कपाळावर वाघोली.
मी आपसूक विचारलं, "झोप लागली का रात्री?"
"कुणाशी बोलताय?" बायको म्हणाली.
तिच्यापुढची मुंढवा, खच्चून भरलेली,
पायरीवर दोन पोरं लटकलेली.
तिसरीची पाटी मी वाचली नाही.
वॉकरच्या रबरी टोप्या मोजल्या. चार.

हॅरिस ब्रिजवर काहीच नव्हतं.
मला वाटलं होतं निदान काचेचा चुरा,
निदान रस्त्यावर एखादा डाग.
एक बाई कठड्याशी पेरू मांडून बसली होती,
मीठ-तिखटाच्या पुड्यांसकट.
गाड्या पुढे जात होत्या, म्हणजे जाऊ पाहत होत्या.
बायकोनं माझं मनगट धरलं, घट्ट,
आणि म्हणाली, "अहो."

चौतीस वर्षं तिनं एवढंच म्हटलंय.
नाव घेतलं ते एकदाच, उखाण्यात.
तेवढं पुरे.

"कुठे थांबवू, काका?" रिक्षावाल्यानं विचारलं.
म्हटलं, इथे नको.
पुढे घे. अजून पुढे.